खंदकातला चीक

१९ एप्रिल १९७१, सोमवार. कुरडया घालायच्या होत्या. तीन दिवस भिजवलेला गहू आदल्या दिवशी वाटून, पिळून चीक काढून ठेवला होता. रात्रभरात तो पातेल्याच्या तळाशी घट्ट बसला होता. सकाळी वरची निवळ ओतून दिली, चीक दोन घाण्यांसाठी वेगळा केला आणि मोठ्या पातेल्यात पाणी, मीठ, हिंग घालून स्टोव्ह पेटवला.

आम्ही तेव्हा कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. कारखाना चालू असला की चिमणीतून चिपाडाची काळी राख उडायची आणि गच्चीवर जे पसराल त्यावर बसायची. म्हणून गळीत हंगाम बंद होईपर्यंत कोणी वाळवणाला हात लावत नसे. त्या वर्षी ऊस लवकर आटोपला होता. चिमणी थंड झाली तशा सगळ्या गच्च्या पांढऱ्या दिसू लागल्या.

या राखेला मी नावे ठेवत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीतल्या राज्यात काळा पाऊस पडतो, तो याच चिमणीतून पडला. मी अद्भुत कादंबऱ्या लिहीत असे. राक्षस, जादूगार, उडते किल्ले, आणि या सगळ्यांना पुरून उरणारी एक राणी. पुण्याच्या एका प्रकाशकाने दोन छापल्या होत्या, वाचनालयांतून फिरून त्यांची पाने पिवळी झाली होती. लोक विचारायचे, बाई, तुम्हाला हे सुचते कसे? नदीकाठी बसता का? नदीकाठी मी कधी बसले नाही. तिथे काही काम नसते.

माझी पद्धत साधी होती. गोष्ट आधी हातांना सांगायची आणि मग कागदावर उतरवायची. पापड, शेवया, कुरडया, निवडण, जे काम असेल ते करायला दोघी शेजारणी यायच्या आणि मी पुढचे प्रकरण सांगायची. कोणी ‘छान’ म्हटले तर त्यावर माझा विश्वास नसे. मी त्यांच्या हातांकडे बघायची. हात चालू राहिले तर ते प्रकरण फुकट. हात थांबले तर दुपारी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायचे आणि लिहून काढायचे.

वसाहतीत बायकांना नावाने कोणी ओळखत नसे. नवऱ्याच्या हुद्द्यावरून बायकोचे नाव पडायचे. आमचे हे हजेरीच्या टाइम ऑफिसात, म्हणून मी टाइमीणबाई. शेजारच्या केमिस्टीणबाई, आणि मागच्या ओळीतल्या फिटरीणबाई. फिटरीणबाई आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या, वाचता येत नसे, पण गोष्टीत खोट कुठे आहे ते त्यांना आधी कळायचे.

मागच्या उन्हाळ्यात चीक हाटता हाटता मी राणीचे एक प्रकरण सांगत होते. फिटरीणबाईंच्या हातात दांडा होता. ऐकण्याच्या नादात त्यांचा हात थांबला आणि चिकाच्या गुठळ्या झाल्या. त्या वेळी मी रागावले, पण दुपारी त्यावरूनच नवे प्रकरण लिहिले आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या घाण्याच्या वेळी, गच्चीवर दोघींना सांगितले. दुष्ट राजाच्या किल्ल्याभोवती उकळत्या चिकाचा खंदक आहे. राक्षस तो रात्रंदिवस हाटत असतात, त्यामुळे कोणी पलीकडे जाऊ शकत नाही. राणी काठावर बसून राक्षसांना गोष्ट सांगू लागते. राक्षसांचे हात थांबतात. चीक गोठतो, ऊन पडते, खंदकाची काच होते आणि राणी त्या काचेवरून चालत किल्ल्यात जाते. वाळलेली कुरडई उन्हात धरून बघा, म्हणजे ती काच दिसेल. माझ्या तिसऱ्या कादंबरीचा कणा हाच होता. लिहून झाल्यावर संक्रांतीच्या सुमारास हस्तलिखित पुण्याला पाठवले.

तर त्या सोमवारी पाण्याला आधण येते आहे तोच दारात प्रकाशक उभे. बरोबर त्यांच्या पत्नी. शिर्डीला दर्शनाला निघाले होते, वाटेत उतरले. हे अजून ऑफिसला गेले नव्हते, त्यांनी खुर्च्या पुढे केल्या. मी चहा टाकला. प्रकाशकांनी पिशवीतून नगरच्या एका साप्ताहिकाचे गेल्या महिन्याभराचे अंक काढले आणि टेबलावर ठेवले.

“बाई, हे वाचलंय का?”

“नाही.”

“यात एक अद्भुत कादंबरी क्रमशः येते आहे. खंदक आहे, राक्षस आहेत, गोष्ट सांगितल्यावर हात थांबतात, खंदकाची काच होते.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “लेखक कोणी गृहस्थ आहेत. टोपणनाव आहे.”

मी म्हटले, “माझं हस्तलिखित तुमच्याकडे संक्रांतीपासून आहे.”

“ते खरं. पण यांचं आधी छापून आलं. उद्या तुमचं पुस्तक निघालं की वाचणारा म्हणणार, बाईंनी उचललं. नाव तुमचं जाईल आणि माझंही.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “असं होतं बाई. एखादी कल्पना कुठूनतरी कानावर आलेली असते, आणि आपल्याला वाटतं आपल्यालाच सुचली.”

हे मला लागले. त्यांच्या पत्नी बशीतले पोहे खाली मान घालून खात होत्या, त्यांनी एकदाच वर पाहिले.

“उद्या सकाळी परतताना येतो,” प्रकाशक म्हणाले. “तोवर बघा, काही सांगण्यासारखं असलं तर. नाहीतर हस्तलिखित मी बरोबर आणलंय, परत देऊन जातो.”

ते गेले. ह्यांनी टोपी घातली, जोडे घातले आणि दारातून म्हणाले, “मी तुला नेहमी सांगतो. बायकांच्या पोटात काही राहत नाही. गच्चीवर गोष्टी सांगत बसतेस, मग दुसरं काय होणार?”

माझ्याही मनात तेच आले होते. खंदकाची गोष्ट गच्चीवर दोघींनीच ऐकली होती.

अंक नीट वाचायला वेळ नव्हता. चीक उकळत्या पाण्यात ओतला की सोडून जाता येत नाही. ओतला, हाटला, झाकण ठेवून वाफ आणली आणि पातेले गच्चीवर नेले. अंकही नेले आणि चादर उडू नये म्हणून ठेवतात त्या दगडाखाली ठेवले, मुद्दाम, दिसतील असे.

दोघी येऊन बसल्या होत्या. सोऱ्या केमिस्टीणबाईंचा, पितळी, वजनदार. माझा मोडला होता. त्या चीक भरून कुरडया घालू लागल्या, फिटरीणबाई गोळे करून देऊ लागल्या. मी गोष्ट सुरू केली नाही. हात बघत राहिले, पण या वेळी वेगळ्या कारणाने.

केमिस्टीणबाईंचे भाऊ नगरला छापखान्यात कामाला होते. हे मला कायम माहीत होते, त्यात काही विशेष नव्हते. त्या सकाळी विशेष वाटू लागले. दिवाळीत भाऊ येऊन राहिले होते. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे. कशाला हसत होते? फिटरीणबाईंना लिहिता येत नव्हते, पण त्यांचा नवरा पाना घेऊन कारखानाभर हिंडायचा, ह्या विभागातून त्या विभागात. बोलायला तोंड सगळीकडेच असते.

“आज राणी बाळंत झाली का काय?” फिटरीणबाई म्हणाल्या. “तोंडच उघडंना.”

“राणीला बरं नाही,” मी म्हटले.

“मंग राक्षसाचं सांगा. त्यो तरी धडधाकट हाय ना?”

केमिस्टीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी दगडाखालचा अंक पाहिला होता. “हा अंक तुमच्याकडेही येतो?”

“आज आला. तुमच्याकडे?”

“आमचे हे वाचनालयातून आणतात.”

“म्हणजे वाचला असेल.”

“वाचला की.”

“आणि?”

त्यांनी सोऱ्याचा दांडा दाबला, एक कुरडई पुरी केली. “आणि काय? लिहिणाऱ्याला माहीत.”

हे उत्तर मला सरळ वाटले नाही. वाचली होती आणि महिनाभर शेजारी राहून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मी म्हटले, “तुमचे भाऊ त्याच छापखान्यात आहेत का, जिथे हे छापतात?”

केमिस्टीणबाईंचे हात थांबले. “टाइमीणबाई, काय विचारायचंय ते सरळ विचारा.”

“माझी गोष्ट गच्चीवरून खाली कोणी नेली?”

त्यांनी सोऱ्यातला चीक बोटाने पातेल्यात परत काढला, पदराने सोऱ्या पुसला आणि उठल्या. “सोऱ्या माझा आहे,” म्हणाल्या. “एरवी घासून नेते. आज तसाच नेते.” आणि जिना उतरून गेल्या.

पातेल्यात अर्धा चीक गरम होता. कुरडई गरम चिकाचीच होते. गार झाला की तो सोऱ्यातून उतरत नाही, खाऊन टाकावा लागतो. फिटरीणबाईंनी पातेल्यात बघितले, जिन्याकडे बघितले.

“तिनं न्हाई सांगितली,” त्या म्हणाल्या.

“कशावरून?”

“तिला गोष्ट सांगता येती का? परवा तिच्या नवऱ्याच्या बदलीचं सांगाया बसली. म्या मधी उठून घरी गेले, भाकरी थापल्या, परत आले, तरी तिचं सामान अजून टेसनावरच.”

“मग तुम्ही सांगितली का कोणाला?”

“सांगितली ना. सासूला.”

मी वळून पाहिले.

“ती ठार बहिरी हाय,” फिटरीणबाई म्हणाल्या. “पर मान लई छान हलवती.”

उरलेला चीक त्यांच्या पोरांना वाटीवाटीने तूप-साखर घालून दिला. आमच्या भागात पोरे याची वाटच बघत असतात. दुसऱ्या घाण्याचा कच्चा चीक घरात पाण्याखाली झाकून ठेवला. घातलेल्या कुरडया कडक उन्हात वाळत पडल्या.

दुपारी सावलीत बसून मी अंक पहिल्यापासून वाचले. फिटरीणबाई कुरडया राखायला बसल्या होत्या, कावळ्यांसाठी. चोरी उघड होती. राणीचे नाव बदलून राजकन्या केली होती, राक्षसांना शिंगे दिली होती, बाकी सगळे माझे. भाषा शेवाळलेली, प्रत्येक वाक्याला तीन विशेषणे. मी एकेक ओळ वाचत गेले आणि एका ओळीशी थांबले. मागे जाऊन परत वाचली. मग मोठ्याने वाचली.

“‘त्या खंदकात नुकत्याच व्यालेल्या सहस्र गाईंचा चीक खदखदत होता.’”

फिटरीणबाईंनी डोक्यावरचा पदर मागे केला. “कुनाचा?”

“गाईंचा.”

“खरवसाचा चीक?”

“हो. आणि पुढे तो उन्हात वाळून त्याची काच होते.”

त्या हसायला लागल्या, मग खोकल्या, मग पुन्हा हसल्या. “गाईचा चीक उनात वाळला? आन काच झाली? अवो, नासंल त्यो. मुंग्या हुतील. राजकन्या मुंग्यांवरनं चालत गेली व्हय?”

माझे हसणे मध्येच थांबले. चीक हा शब्द एकच, वस्तू दोन. गाय व्याल्यावरचे पहिले दूध तोही चीक, आणि गव्हाचा तोही चीक. पण गच्चीवर ज्या बाईने माझी गोष्ट ऐकली तिचा हात त्या वेळी गव्हाच्या चिकात कोपरापर्यंत होता. ती ही चूक करणार नाही. छापखान्यातला भाऊ असो की फिटर असो, तेही करणार नाहीत. इकडचा पुरुष झाला तरी लहानपणी चिकाच्या पातेल्याभोवती वाटी घेऊन बसलेला असतो. नुसती गोष्ट ऐकून चीक म्हटल्यावर ज्याला फक्त खरवस आठवतो, असा माणूस मधे कुठेतरी होता. कुरडया न करणाऱ्या मुलखातला.

“कोकनात करत न्हाईत म्हनं कुरडया,” फिटरीणबाई सहज म्हणाल्या. त्यांना पुढचे माहीत नव्हते. किंवा असेल.

मी उठले, खाली आले आणि रात्रीचे तांदूळ धुतले. रात्री आमच्याकडे भातच लागायचा. आमचे हे मूळचे कोकणातले.

संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी वाढले आणि विचारले, “अहो, चीक म्हणजे काय?”

“म्हणजे काय म्हणजे? गाय व्याली की पहिलं दूध. का, कोणाची व्याली?”

“आणि माझ्या खंदकात कुठला चीक आहे?”

“गाईचाच ना.” भात कालवता कालवता ते खुलले. “मी मागे तुला विचारणारच होतो, एवढ्या गाई एकदम व्याल्या कशा? आमच्या ऑफिसात यावर मोठा वाद झाला होता. एक जण म्हणाला शंभर पुरतील. ऊस विभागातला एक कारकून येतो, तो म्हणाला, छे, खंदक आहे, सहस्र तरी हव्यात.”

मी वाढणे थांबवले. “ऑफिसात.”

“अगं, मधल्या सुट्टीत. मी सांगतो ना त्यांना तुझी प्रकरणं. तू स्वयंपाकघरात वाचून बघतेस तेव्हा ऐकू येतात बाहेर. सगळ्यांना फार आवडतात. तो कारकून तर इतका रसिक आहे, चहा थंड होतो त्याचा. कागदावर टिपून घेतो.”

“काय टिपून घेतो?”

“मुद्दे.” मग त्यांचा घास हातातच राहिला. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या गोष्टीने इतके सुरेख थांबलेले हात मी पाहिले नाहीत. “नगरला जातो तो,” ते हळू म्हणाले. “दर शनिवारी.”

मी त्यांच्या पानात भात वाढला.

“मी कौतुकानेच सांगितलं गं.”

“पोटात राहिलं नाही,” मी म्हटले.

त्यांनी ताक मागितले. मी दिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “मग आता?”

“आता उद्या लवकर उठा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी शेजारी गेले. केमिस्टीणबाई सडा घालत होत्या. मी म्हटले, “गोष्ट आमच्या घरातूनच गेली. ह्यांनी ऑफिसात सांगितली. तुमच्यावर आळ घेतला, ते माझं चुकलं. दुसरा घाणा शिजवतेय, सोऱ्या हवा आहे.”

त्यांनी बादली खाली ठेवली. “मला काय वाटलं सांगू? मला वाटलं तुम्हीच तिकडे पुरुषाच्या नावाने लिहिता आणि आमच्यापासून लपवता. महिनाभर वाट बघितली, आज सांगतील, उद्या सांगतील. म्हटलं, मोठ्या लेखिका झाल्या, आता शेजारणीला कशाला सांगतील?”

“सहस्र गाईंचा चीक मी लिहीन?”

“म्हटलं, पुरुषाचं नाव घेतलंय, तर अक्कलही तशीच घेतली असेल.” आणि आत जाऊन त्यांनी सोऱ्या आणला. घासलेला होता.

घरी येऊन मी ह्यांच्या हातात दांडा दिला आणि चीक हाटायला लावला. पाच मिनिटांत त्यांचा सदरा भिजला. “हा गहू आहे?” ते पुन्हा पुन्हा विचारत होते. “मला वाटायचं कुरडया तांदळाच्या असतात.” लग्नाला इतकी वर्षे झाली होती आणि ते दर सणाला दोन-दोन कुरडया खात होते.

प्रकाशक हस्तलिखित काखेत धरून पत्नीसह आले तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली नाही, थेट गच्चीवर नेले. कालची एक वाळलेली कुरडई त्यांच्या एका हातात दिली, दुसऱ्या हातात साप्ताहिक, बोट ठेवून, त्या ओळीवर. त्यांनी चष्मा सारखा केला, वाचले, आणि चेहऱ्यावर काही उमटले नाही. शहरात वाढलेले, चिकाच्या पातेल्याभोवती कधी बसलेले नसावेत. मग त्यांच्या पत्नीने मान पुढे करून ओळ वाचली. काल आल्यापासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

“गाईचा चीक उन्हात ठेवला तर मांजर येईल,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “काच कुठून होणार?” त्यांनी कुरडई त्यांच्या हातून घेऊन उन्हाकडे धरली. “हिची होते. ज्याने चोरलं त्याला काय चोरलं तेच माहीत नाही. हस्तलिखित परत पिशवीत ठेवा.”

प्रकाशकांनी हस्तलिखित पिशवीत ठेवले. “प्रस्तावनेत दोन ओळी टाकू,” म्हणाले, “कुरडयांबद्दल. तारखेसह.” मी म्हटले टाका, पण मुद्रित मला दाखवल्याशिवाय छापू नका. त्यांच्यावरही माझा आता पूर्वीइतका भरवसा राहिला नव्हता. बायकोच्या पिशवीत त्यांनी एक डबा कुरडया मात्र मागून घेतल्या.

त्यांना निरोप देऊन परत गच्चीवर गेले. चीक वाफाळत होता. हे पातेल्याजवळ उभे राहून कौतुकाने बघत होते. केमिस्टीणबाईंनी सोऱ्या भरला, फिटरीणबाईंनी चादरीची सुरकुती काढली.

“राणीला बरं वाटलं का?” फिटरीणबाईंनी विचारले.

मी ह्यांना म्हटले, “तुम्हाला उशीर होतोय.” त्यांनी टोपी उचलली. जिन्यावरून त्यांची पावले खाली गेली. मी कठड्याशी जाऊन, ते फाटकाबाहेर पडून वळणाआड दिसेनासे होईपर्यंत पाहिले, मग येऊन बसले, गोळा हातात घेतला आणि पुढचे प्रकरण सांगायला सुरुवात केली. हळू आवाजात.